कोल्हापूर ते जळगाव: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कागदावर कसा काढायचा

कोल्हापूर आणि जळगाव. दोन्ही गावांना विमानतळ आहे, दोन्हीकडे लहान विमानं येतात-जातात, पण एकमेकांकडे थेट विमान नाही. मग कुणी विचारलं की "थेट विमान असतं तर किती वेळ लागला असता?" तर इंटरनेटवर तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतं ४० मिनिटं, दुसरं तास-सव्वा तास, तिसरं साडेसात तास. तिन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

खाली कोल्हापूर–जळगाव ही जोडी घेऊन सगळं गणित केलं आहे. रीत कुठल्याही दोन लहान विमानतळांना लागू पडते. साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी जागा नक्की करा

अंतर शहरांमधलं काढायचं नाही, विमानतळांमधलं काढायचं. मोठ्या अंतरात हा फरक लपून जातो, लहान अंतरात डोळ्यात येतो. शिर्डी आणि नाशिक घ्या. शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे, नाशिकचा ओझरला. गावं धरून मोजलं तर सुमारे ७६ किलोमीटर येतात, विमानतळ धरून मोजलं तर ६८-६९. म्हणजे दहा टक्क्यांची चूक पहिल्याच पायरीवर.

नावांवर विसंबू नये. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचलातही. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, दोघांचे कोड वेगळे. म्हणून शोधताना कोड वापरावा. तिकिटावर असतो तो तीन अक्षरी कोड: कोल्हापूरचा केएलएच, जळगावचा जेएलजी. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात तो चार अक्षरी: कोल्हापूर व्हीएकेपी, जळगाव व्हीएजेएल. शहराचं नाव बदललं तरी कोड सहसा तोच राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या तिकिटावर आजही आयएक्सयूच छापलेलं असतं.

आता अक्षांश-रेखांश, मिनिटापर्यंत:

कोल्हापूर (उजळाईवाडी): १६°४०′ उत्तर, ७४°१७′ पूर्व
जळगाव (कुसुंब्याजवळ): २०°५८′ उत्तर, ७५°३८′ पूर्व

इथे सर्वांत जास्त होणारी चूक अशी: १६°४०′ म्हणजे १६.४० नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ४० मिनिटं म्हणजे ०.६६७ अंश, आणि आकडा १६.६६७. हे विसरून १६.४० लिहिलं तर तुमचं कोल्हापूर ३० किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकच्या सीमेपाशी जाऊन बसतं. दुसरी चूक म्हणजे अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल. ती केली की उत्तर इतकं विचित्र येतं की लगेच कळतं, त्यामुळे ती कमी धोक्याची.

अंतर: नॉटिकल मैलाची सोय

विमानाच्या जगात अंतर नॉटिकल मैलात आणि वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे एकक जुन्या दर्यावर्दी सवयीतून आलेलं असलं तरी अजून टिकून आहे, कारण ते फार सोयीचं आहे: उत्तर-दक्षिण दिशेत अक्षांशाचं एक मिनिट म्हणजेच जवळजवळ एक नॉटिकल मैल.

म्हणून पहिली पायरी निव्वळ वजाबाकीची. २०°५८′ वजा १६°४०′ म्हणजे ४°१८′. चार गुणिले साठ अधिक अठरा, २५८ मिनिटं. म्हणजे जळगाव कोल्हापूरच्या २५८ नॉटिकल मैल उत्तरेला आहे.

पूर्व-पश्चिम दिशेत मात्र रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून मिनिट आखूड होतं. ७५°३८′ वजा ७४°१७′ म्हणजे १°२१′, अर्थात ८१ मिनिटं. याला दोन्ही विमानतळांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश १८°४९′, त्याचा कोसाइन ०.९४६६. गुणाकार ७६.७. जळगाव ७६.७ नॉटिकल मैल पूर्वेला.

उरलं ते शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. २५८ चा वर्ग ६६,५६४, ७६.७ चा वर्ग ५,८८३, बेरीज ७२,४४७, वर्गमूळ २६९. म्हणजे २६९ नॉटिकल मैल, सुमारे ४९८ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट जमिनीचं प्रमेय कसं चालतं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. भारताच्या अक्षांशात पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत ही रीत उत्तम चालते. हजार-दीड हजार किलोमीटर किंवा परदेशी अंतर असेल तर मात्र वर्तुळाकृती सूत्र घ्यावं: दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन यांचा गुणाकार. या बेरजेचा व्यस्त कोसाइन घेतला की कोन मिळतो. कोन अंशात असेल तर ६० ने गुणून नॉटिकल मैल.

आपल्या जोडीसाठी ही बेरीज ०.९९६९३७ येते, कोन ४.४८६ अंश, अंतर पुन्हा २६९. इथे दोन गोष्टी बिघडतात. स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो. अंश तसेच भरले तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. आणि दशांशाची घरं कापू नयेत. ०.९९६९३७ ऐवजी ०.९९६९ घेतलं तर ४९८ चे थेट ५०१ किलोमीटर होतात. उत्तर १ च्या इतकं जवळ असलं की चौथ्या-पाचव्या घरालाही वजन येतं.

४९७ की ४९८?

नकाशाच्या चांगल्या साधनांत हेच अंतर ४९७ किलोमीटर दिसेल. चूक कुणाचीच नाही. वरचं गणित पृथ्वीला पूर्ण गोल मानून केलं आहे. ती ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे आपल्या अक्षांशात उत्तर-दक्षिण एक मिनिट १.८५२ नव्हे, सुमारे १.८४५ किलोमीटर भरतं. आपला मार्ग बहुतांशी उत्तर-दक्षिण आहे, म्हणून दीड-दोन किलोमीटर कमी होतात. नेमका आकडा हवा असेल तर ४९७ किलोमीटर, म्हणजे २६८ नॉटिकल मैल किंवा ३०९ साधे मैल, असं धरावं. "मैल" शब्द दिसला की तो कुठला मैल हे मात्र तपासा. २६८ आणि ३०९ यांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे, आणि एकीकडून नॉटिकल मैल उचलून त्याला ताशी साध्या मैलांच्या वेगाने भागण्याचा घोळ सर्रास होतो.

रेषा कुठून जाते

दिशा काढायला ७६.७ ला २५८ ने भागा: ०.२९७. याचा व्यस्त टॅन्जंट १६.५ अंश. म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने साधारण १७ अंश. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एका अंशाचं अंतर असल्याने इथे चुंबकीय दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

ही रेषा नकाशावर आखून बघण्यासारखी आहे. कोल्हापूरहून निघून ती विट्याच्या किंचित पश्चिमेने जाते, बारामती डाव्या हाताला पंधरा-सतरा किलोमीटरवर ठेवते, श्रीगोंदा आणि कर्जतच्या मधून सरकते, अहिल्यानगर पश्चिमेला तीसेक किलोमीटर राहतं. पुढे दौलताबादच्या जवळून, छत्रपती संभाजीनगर उजवीकडे टाकत, कन्नड आणि सिल्लोडच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग ओलांडून जळगाव.

विमान मात्र या रेषेवरून तंतोतंत जात नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं ठाणं आहे, नाशिकच्या ओझरलाही लष्करी हालचाल असते, आणि त्या भागातल्या हवाई हद्दी सगळ्या वेळी खुल्या नसतात. शिवाय ठरलेले हवाई मार्ग बिंदूंवरून जातात, निघताना-उतरताना वळसे पडतात. लहान टप्प्यांवर सरळ अंतरात ५ टक्के मिळवणं रास्त, गर्दीच्या हद्दीजवळ १० टक्के. इथे ५ टक्के धरू: २८२ नॉटिकल मैल.

रस्त्याने हेच अंतर पुणे आणि संभाजीनगर मार्गे सुमारे ६२० किलोमीटर. रेल्वेने, म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस जाते तसं पुणे, दौंड, मनमाड करत, साधारण ८०० किलोमीटर.

वेळ: भागाकार करू नका, तुकडे करा

इंटरनेटवरची ४० मिनिटं कुठून येतात ते आता कळेल. ३०९ मैल भागिले ताशी ५०० मैल म्हणजे ३७ मिनिटं. ताशी ५०० मैल हा मोठ्या जेट विमानाचा उंचावरचा वेग. काही ठिकाणी त्यात चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवून १ तास ७ मिनिटं दाखवतात. मुंबई–दिल्लीसाठी ही युक्ती ठीक आहे. लहान विमानतळांवर बहुधा एटीआर-७२ येतं, पंख्याचं, सत्तरेक आसनांचं. त्याला ५०० मैलांचा वेग कधीच गाठता येत नाही.

म्हणून उड्डाणाचे तीन तुकडे करा.

चढण. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. अशा टप्प्यासाठी एटीआर १८,००० फुटांपर्यंत गेलं असं धरू. १६,००० फूट चढायचे, सरासरी मिनिटाला १,००० फूट, म्हणजे १६ मिनिटं. या काळात वेग २०० नॉटच्या आसपास, त्यामुळे ५३ नॉटिकल मैल मागे पडतात. सुरुवातीला विमान मिनिटाला हजाराहून जास्त फूट चढतं आणि वर हवा विरळ झाली की मंदावतं. हजार ही सरासरी आहे, भरलेल्या विमानासाठी आणि गरम दिवसासाठी ती आणखी खाली येते.

उतरण. नियम सोपा: जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. जळगाव ८४० फुटांवर आहे, म्हणजे १७,००० फूट उतरायचे, ५१ नॉटिकल मैल आधीपासून. मिनिटाला दीड हजार फुटांच्या हिशोबाने १२ मिनिटं धरा.

मधला सपाट तुकडा. २८२ मधून ५३ आणि ५१ वजा जाता १७८ उरतात. २६५ नॉटने ४० मिनिटं.

बेरीज ६८ मिनिटं. यात जळगावला धावपट्टीशी जुळवून घेण्याचा वेळ अजून नाही, आणि या जोडीत तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, जळगावची ०९/२७ (हे आकडे म्हणजे धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या दिशेचे अंश, शेवटचं शून्य गाळून). दोन्ही साधारण पूर्व-पश्चिम, आणि आपला मार्ग जवळजवळ उत्तरेला. म्हणजे निघाल्यावर वळायचं आणि पोचल्यावर पुन्हा काटकोनात वळायचं. कोल्हापूरहून पश्चिमेकडे, २५ वरून, उडालं तर सव्वाशे अंशांहून जास्त वळण. यासाठी ७ मिनिटं द्या. हवेतला वेळ ७५ मिनिटं.

एवढं झाल्यावर वेळापत्रकातला वेळ. तो हवेतला नसतो. चाकांखालचे अडथळे निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा, म्हणजे ब्लॉक टाइम असतो. लहान विमानतळावर टॅक्सीला, म्हणजे विमान जमिनीवरून चालत धावपट्टीपर्यंत नेण्या-आणण्याला, वेळ कमी, निघताना ५ मिनिटं आणि पोचल्यावर ३. मात्र धावपट्टीला समांतर टॅक्सीमार्ग नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन तिथे वळावं लागतं, आणि तेवढ्यात दुसरं विमान उतरणार असेल तर थांबावं लागतं. तर ब्लॉक टाइम ८३ मिनिटं. वेळापत्रकात १ तास २५ मिनिटं किंवा १ तास ३० मिनिटं छापलं जाईल.

जेट असतं तर?

हा प्रश्न हमखास येतो. पन्नास ते पाऊणशे आसनी लहान जेट २८,००० फुटांवर ४२० नॉटने जातं असं धरा. चढायला १४ मिनिटं आणि ८५ नॉटिकल मैल, उतरायला १६ मिनिटं आणि ९० नॉटिकल मैल. सपाट तुकडा उरतो फक्त १०७ नॉटिकल मैलांचा, १५ मिनिटांचा. जुळवून घेण्याची ७ मिनिटं मिळवून ५२. वेग दीडपटीहून जास्त, बचत मात्र २३ मिनिटांची, आणि त्यासाठी इंधन बरंच जास्त. अंतर जितकं लहान तितकी जेटची हौस महाग पडते.

वारा

आपला मार्ग उत्तरेला, आणि हिवाळ्यात या उंचीवर वारा मुख्यतः पश्चिमेचा. म्हणजे तो आडवा येतो. आडवा वारा फुकटचा नसतो; रेषेवर राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं आणि त्यात थोडा वेग जातो.

समजा वारा २७० अंशांवरून ४० नॉट. मार्ग १७ अंशांचा असल्याने त्यातले १२ नॉट मागून ढकलतात, ३८ नॉट आडवे लागतात. नाक सुमारे ८ अंश डावीकडे ठेवावं लागतं. जमिनीवरचा वेग जळगावकडे जाताना २७४ नॉट, परत येताना २५०. सपाट तुकडा जाताना ३९ मिनिटं, येताना ४३. फरक फक्त चार मिनिटांचा. हाच वारा मुंबई–नागपूरसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर जाता-येता कितीतरी मोठा फरक पाडतो.

पावसाळ्यात गंमत होते. खाली, पाच हजार फुटांच्या आसपास, पश्चिमेचा जोरदार वारा. खूप वर, जेटच्या उंचीवर, पूर्वेचा. एटीआर या दोन्हींच्या मधल्या थरात उडतं, म्हणून पावसाळ्यात वाऱ्याचा हिशोब सोडून दिला तरी चालेल. त्या दिवसांत वेळ खातात ते ढग चुकवण्याचे वळसे.

उष्णता आणि धावपट्टी

वेळेशी याचा थेट संबंध नाही, पण उड्डाण होईल का आणि किती माणसं बसतील याच्याशी आहे. हवा तापली की विरळ होते आणि विमानाला ती जागा आहे त्यापेक्षा उंच वाटते. ढोबळ हिशोब: त्या उंचीच्या प्रमाणित तापमानापेक्षा प्रत्येक अंश सेल्सिअस जास्त असेल तर १२० फूट मिळवा. जळगाव ८४० फुटांवर, तिथलं प्रमाणित तापमान सुमारे १३ अंश. मे महिन्यात दुपारी ४४ अंश म्हणजे ३१ अंश जास्त, म्हणजे ३,७०० फूट जास्त. विमानाच्या लेखी जळगाव तेव्हा साडेचार हजार फुटांवर, महाबळेश्वराइतकं उंच असतं. कोल्हापूर ३६ अंशांवर पाच हजार फुटांना पोचतं.

जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटर. एटीआरला ती पुरते. पण भर दुपारी, वारा पडलेला असताना, पूर्ण भरलेल्या विमानाला सामान किंवा प्रवासी कमी करावे लागू शकतात. उन्हाळ्यात सकाळचं विमान पकडा असं सांगतात त्यामागे हे कारण आहे. दुसरं कारण साखळीचं: एकच विमान दिवसभर चार-सहा टप्पे करतं आणि प्रत्येक टप्प्याचा उशीर पुढच्यावर चढत जातो, त्यामुळे संध्याकाळचं विमान सर्वांत जास्त सोसतं. हिवाळ्यात मात्र अगदी पहाटेचं टाळावं. धुक्या-धुरक्यात दृश्यमानता खाली गेली आणि विमानतळावर उतरण्यासाठी पुरेशी यंत्रणा नसली, तर नजरेने उतरण्यासाठी ५ किलोमीटर दिसावं लागतं. नऊ-दहानंतरचं बरं.

दारापासून दारापर्यंत

थेट विमान आहे असं मानून: घर ते विमानतळ ३० मिनिटं, उड्डाणाआधी ७५ मिनिटं, ब्लॉक टाइम ८५, सामान १५, पुढे घर २०. एकूण ३ तास ४५ मिनिटं. हवेतला वेळ त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आहे. लहान शहरांना विमानाने जोडणारी सरकारची उडान योजना आली तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणासाठी अनुदानित आसनांना २,५०० रुपयांची मर्यादा होती. आपली जोडी नेमकी त्याच अंतराची आहे.

थेट विमान नसताना मधला मुक्काम लागतो. त्याचं अंतर वरच्याच रीतीने:

कोल्हापूर–मुंबई १६६ नॉटिकल मैल (३०७ किमी), मुंबई–जळगाव १९३ (३५७ किमी). एकूण ६६४ किमी.
कोल्हापूर–हैदराबाद २४१ (४४६ किमी), हैदराबाद–जळगाव २७५ (५०८ किमी). एकूण सुमारे ९५४ किमी, सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट.

अंतर बघून मुंबई निवडावीशी वाटते. पण विमानं आठवड्यातून ठरावीक दिवशी असतात, आणि दोन्ही टप्पे एकाच दिवशी जुळतात का हे अंतरापेक्षा महत्त्वाचं. आधी वार जुळवा, मग अंतर बघा. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या आसपासचं तिकीट काढताना दोन्ही टप्पे नव्या वेळापत्रकातले आहेत ना, ते तपासा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं असतील तर मध्ये किमान तीन तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत करत नाही. सामान पट्ट्यावरून उचलून, बाहेर येऊन, पुन्हा जमा करावं लागतं, आणि काउंटर बहुधा उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. मुंबईत टर्मिनल बदलत असेल तर तेवढ्यावरच तास जातो. नवी मुंबईचा विमानतळ वेगळा, त्याचा कोडही वेगळा. एक तिकीट एकीकडचं आणि दुसरं दुसरीकडचं निघालं तर मध्ये खाडी ओलांडायची आहे.

मुंबईमार्गे सगळं जुळलं तर दारापासून दारापर्यंत साडेसात-आठ तास. सुरुवातीच्या "साडेसात तास" या उत्तराचा उगम हा. गाडीने अकरा-बारा तास, रेल्वेने रात्रभराहून जास्त. मधला थांबा पाच तासांवर गेला तर मात्र रात्रीची रेल्वे शहाणपणाची ठरते.

आकडा पडताळून बघायचा असेल तर

जवळपास तितक्याच अंतराचा, प्रत्यक्ष चालू असलेला मार्ग शोधा. हैदराबाद–जळगाव ५०८ किलोमीटर, आपल्या जोडीपेक्षा दहाच किलोमीटर जास्त. त्या टप्प्यावर एटीआर असेल तेव्हाचा छापील वेळ बघा. तो आपल्या ८३ मिनिटांपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसला तर घाबरू नका. मोठ्या विमानतळावरची टॅक्सी आणि रांग त्यात असते, आणि वेळेवर पोचल्याची नोंद व्हावी म्हणून कंपन्या थोडी उशी ठेवतात. विमान "दहा मिनिटं आधी पोचलं" अशी घोषणा होते ती या उशीतून.

उतरता आलं नाही तर

प्रत्येक विमान पर्यायी विमानतळाचं इंधन घेऊनच निघतं, शिवाय वर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं राखीव. जळगावसाठी सोयीचा पर्याय छत्रपती संभाजीनगर, ६७ नॉटिकल मैल, सुमारे १२४ किलोमीटर. विमानाला वीस-बावीस मिनिटं लागतात. प्रवाशाला तिथून सिल्लोड, अजिंठा करत रस्त्याने १६० किलोमीटर, साडेतीन-चार तास. महत्त्वाचं काम असेल त्या दिवशी हे चार तास हिशोबात धरून ठेवा.

चार्टर ठरवणाऱ्यांसाठी

स्वतःचं विमान ठरवून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर वेगाआधी विमानतळाची वेळ विचारा. लहान विमानतळ चोवीस तास उघडे नसतात. अधिकृत सूचनांमध्ये वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात: ०३३० ते १२३० असं लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवून ते सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. रात्रीची दिवाबत्ती त्या दिवशी चालू आहे का, हेही त्याच सूचनांत कळतं.

ती नसेल तर सूर्यास्त हीच शेवटची वेळ. डिसेंबरच्या मध्यात जळगावला सूर्य पावणेसहाच्या पुढेमागे मावळतो, कोल्हापूरला सहाच्या सुमारास; कोल्हापूर पश्चिमेला आणि दक्षिणेला असल्याने तेवढी तेरा-चौदा मिनिटं जास्त मिळतात. परतीला समोरच्या वाऱ्यासह हवेत ७९ मिनिटं धरा. म्हणजे साडेचारला जळगावहून चाकं उचलली तरी कोल्हापूरला पोचायला पावणेसहा उलटून जातात. त्यात अर्धा तास पदरात ठेवायचा तर चारला इंजिन सुरू झालेलं हवं, आणि माणसं साडेतीनला कुसुंब्यात.